ऑफशोर रिगवर फ्रेशर म्हणून लागायचंय? सारखे येणारे प्रश्न

मी मुंबई हायला चौदा वर्षं काढली, हेल्पर म्हणून चढलो आणि क्रेन ऑपरेटर म्हणून उतरलो. आता उरणला घरी असतो, आणि गावची पोरं, त्यांचे मित्र, मित्रांचे मेहुणे असे सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच विचारत असतात, रात्री अकराला पण. म्हणून एकदाच लिहून टाकलं. जास्त करून आपल्या मुंबईसमोरच्या समुद्रातल्या कामाबद्दल आहे, गल्फचं वेगळं प्रश्न ११ मध्ये.

१. रिग, प्लॅटफॉर्म, बार्ज सगळं एकच ना?

नाही, आणि हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. मुंबई हाय म्हणजे मुंबईपासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवरचं तेलाचं क्षेत्र, १९७४ ला तेल लागलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. पहिली विहीर सागर सम्राट नावाच्या रिगने खोदली. एक रुपयाच्या नोटेच्या मागे समुद्रात उभं असलेलं जे लोखंडी काहीतरी दिसतं ना, ती हीच.

रिगचं काम विहीर खोदायचं किंवा जुनी विहीर दुरुस्त करायचं. आपल्याकडे पाणी उथळ आहे म्हणून जॅकअप रिग असतात, म्हणजे पाय समुद्राच्या तळाला टेकवायचे, सगळा सांगाडा पाण्याच्या वर उचलायचा, काम संपलं की पाय वर घेऊन टगने ओढत पुढच्या जागी. प्लॅटफॉर्म मात्र कायमचा उभा असतो, तिथे तेल-गॅस वर येतं, वेगळं होतं आणि पाइपलाइनने किनाऱ्याकडे जातं. बार्ज म्हणजे तरंगतं हॉस्टेल समजा, त्यावर क्रेन, वेल्डिंगचं सामान आणि दोन-तीनशे माणसं, जी प्लॅटफॉर्मची दुरुस्ती आणि बांधकाम करतात.

हे एवढं सांगायचं कारण, सगळे म्हणतात "रिगवर लावा", पण नवख्या माणसाला कामं बार्जवर आणि प्लॅटफॉर्मच्या मेन्टेनन्समध्ये जास्त निघतात. रिगवर माणसंच कमी, जागा मोजून, आणि एकदा चिकटलेला माणूस लवकर सोडत नाही.

२. अजिबात अनुभव नाही, तरी घेतात का?

घेतात, पण "काहीच येत नाही" अशा माणसाला नाही घेत. ऑफशोरचा अनुभव नसला तरी चालतो, हाताला काम पाहिजे. किनाऱ्यावर दोन वर्षं वेल्डिंग केलंय, शिपयार्डमध्ये रिगर (जड सामान बांधून उचलणारा) होता, हॉटेलच्या किचनमध्ये तंदूर सांभाळलाय, टॉवरवर स्कॅफोल्डिंग बांधलंय, अशा माणसाला समुद्रात पहिली संधी मिळते. नुसती बीकॉमची डिग्री आणि "मेहनत करायची तयारी आहे" यावर मी तरी कोणाला लागलेलं बघितलं नाही, एखाद्याचा सख्खा काका कॅम्प बॉस (बोर्डवरच्या केटरिंगचा मुख्य) असेल तर गोष्ट वेगळी.

३. मग फ्रेशरला नक्की कुठली कामं मिळतात?

रिगवर सगळ्यात खालची पोस्ट राउस्टअबाउट. हा डेकवरचा माणूस. सप्लाय बोट आली की क्रेनने सामान चढवा-उतरवायचं, स्लिंग लावायचा, टॅगलाइन धरायची (दोरी हाताला गुंडाळायची नाही, हे पहिल्या दिवशी ओरडून सांगतात आणि तरी कोणीतरी गुंडाळतोच), गंज चढलेलं लोखंड चिपिंग करून रंगवायचं, मड पंपाच्या इथे बराइटच्या (ड्रिलिंगच्या चिखलात घालायची भुकटी) गोण्या फोडायच्या, डेक धुवायचा. त्याच्या वरचा फ्लोअरमन, त्याला रफनेक पण म्हणतात, तो ड्रिल फ्लोअरवर पाइप जोडतो-सोडतो. फ्रेशरला थेट फ्लोअरवर कोणी उभं करत नाही.

दुसरा दरवाजा किचन. रिगवर साधारण शंभर माणसं, चोवीस तास ड्युटी, म्हणजे दिवसाला चार वेळा जेवण आणि त्यात मध्यरात्रीचं पण. केटरिंगचं कंत्राट वेगळ्या कंपनीकडे असतं, ते गॅली (म्हणजे किचन) हेल्पर, स्टुअर्ड, लॉन्ड्रीबॉय, कुक घेतात आणि त्यांचा वरचा तो कॅम्प बॉस. माझं स्पष्ट मत, ज्याच्याकडे आयटीआय नाही पण हॉटेलचा अनुभव आहे त्याने डेकच्या मागे न लागता इथून घुसावं. याला पोरं नाक मुरडतात, "भांडी घासायला एवढ्या लांब जाऊ का" म्हणून. माझ्याबरोबरचा एक स्टुअर्ड दोन वर्षांत रेडिओ रूममध्ये गेला, कारण त्याला इंग्रजी येत होतं आणि तो सगळ्यांच्या नजरेसमोर होता.

तिसरा, ट्रेडवाली कामं: वेल्डर, फिटर, ग्राइंडर, रिगर, स्कॅफोल्डर, पेंटर-ब्लास्टर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आणि या सगळ्यांचे हेल्पर. ही कामं कंत्राटदारांकडे असतात आणि सीझनवर चालतात, ते प्रश्न १२ मध्ये.

४. माझं फक्त दहावी झालंय, जमेल का?

केटरिंग, हेल्पर, पेंटर, रिगर यात जमेल. दहावीचं सर्टिफिकेट मात्र जपून ठेवा, पासपोर्टच्या वेळी त्याचा उपयोग होतो (प्रश्न ११). दहावी नापास असाल तर आधी ती सोडवा, मग बाकीचं बोलू.

५. ओएनजीसीमध्ये डायरेक्ट भरती होते का? साहेबांची ओळख आहे.

ओळख घरी ठेवा. ओएनजीसी म्हणजे सरकारी तेल कंपनी, तिची कायमची भरती तिच्या वेबसाइटवरच्या जाहिरातीतूनच होते. इंजिनिअर, जिऑलॉजिस्ट लोकांची भरती कधी गेट परीक्षेच्या स्कोअरवर तर कधी वेगळ्या कम्प्युटर टेस्टवर होते, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरात वाचायची, गेल्या वर्षी मित्राने काय केलं ते नाही. खालच्या पोस्ट, म्हणजे टेक्निशियन, रिगमन वगैरे, यांच्या जाहिराती दरवर्षी येतीलच असं नाही, आल्या की लाखांनी पोरं फॉर्म भरतात.

फ्रेशरसाठी खरी उपयोगी गोष्ट म्हणजे अप्रेंटिसशिप. वय १८ ते २४, आयटीआय, डिप्लोमा किंवा ग्रॅज्युएशन, आणि निवड त्या शिक्षणात पडलेल्या मार्कांच्या मेरिटवर. मुंबई सेक्टरमध्ये मुंबई, उरण, हजिरा आणि गोवा येतात. स्टायपेंड मिळतो, साधारण वर्षभराचं काम. त्यानंतर नोकरी मिळेल असं कोणी लिहून देत नाही, आणि बरेच जण याच मुद्द्यावर अप्रेंटिसशिप सोडून देतात, तिथेच चुकतं. उरणच्या प्लांटमध्ये एक वर्ष व्हॉल्व्ह, पंप, परमिट सिस्टीम हाताळलेला पोरगा कंत्राटदारासमोर बसला की त्याचा सीव्ही बाकीच्या गठ्ठ्यातून बाजूला काढला जातो.

६. कुठले कोर्स करायचे? इन्स्टिट्यूटवाला म्हणतो पाच कोर्सचं पॅकेज घ्या, जॉब गॅरंटी.

जॉब गॅरंटी हा शब्द ऐकला की उठायचं आणि चहा पण न पिता बाहेर यायचं.

आता नीट ऐका. समुद्रात जायच्या आधी सेफ्टीचं ट्रेनिंग लागतंच, त्यात दोन-तीन प्रकार आहेत आणि पोरं गोंधळतात ती इथेच. पहिला बोसिएट, ओपिटो नावाच्या ट्रेनिंग संस्थेचा तीन दिवसांचा कोर्स, त्यात आग विझवणं, फर्स्ट एड, लाइफबोट, लाइफ राफ्ट आणि ह्यूएट म्हणजे हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर बाहेर कसं यायचं (प्रश्न ७). याची मुदत चार वर्षं, संपायच्या आत फोएट नावाचा छोटा रिफ्रेशर केला तर पुन्हा चार वर्षं. याचंच एक उष्ण समुद्रांसाठीचं व्हर्जन आहे, टी-बोसिएट, ते आपल्याकडे आणि गल्फमध्ये चालून जातं पण ब्रिटनच्या नॉर्थ सीत चालत नाही, म्हणून कोर्सचं नाव सर्टिफिकेटवर नीट वाचायचं. दुसरा एसटीसीडब्ल्यूचा बेसिक सेफ्टी सेट, तो जहाजावरच्या लोकांचा, बार्ज आणि सप्लाय बोटीवर तो मागतात. ओएनजीसीची स्वतःची सेफ्टी इन्स्टिट्यूट गोव्याला बेतूलला आहे, तिथे सी सर्व्हायव्हल आणि ह्यूएट होतं.

आणि आता महत्त्वाचं. कुठला कोर्स करायचा हे कंपनी सांगते. ऑफर किंवा निदान पक्की तोंडी बोलणी झाल्यावर "आम्हाला अमुक लागेल" असं कळतं, बऱ्याच कंपन्या स्वतःच पाठवतात आणि काही पगारातून कापतात. आधीच चाळीस-पन्नास हजार घालून बसलात आणि नोकरी तीन वर्षांनी लागली तर चार वर्षांच्या मुदतीतलं एकच वर्ष उरलं. ज्याचा ट्रेड चांगला आहे आणि ज्याला दोन-तीन ठिकाणांहून "सर्टिफिकेट आहे का, उद्या निघता येईल का" असे फोन येतायत, त्याने स्वतःच्या पैशाने एक बेसिक सर्व्हायव्हल कोर्स केला तर हरकत नाही. बाकीच्यांनी थांबायचं.

वेल कंट्रोलचा कोर्स फ्रेशरला विकणारे पण भेटतात, आयडब्ल्यूसीएफ म्हणून. तो ड्रिलर, टूलपुशर (रिगवरच्या ड्रिलिंगचा मुख्य माणूस) यांचा कोर्स. राउस्टअबाउटकडे तो असला तर इंटरव्ह्यू घेणारा हसतो, हे मी समोर बसून बघितलंय.

७. मला पोहता येत नाही. ह्यूएटमध्ये बुडवतात म्हणे?

बुडवतात, खरंच. स्विमिंग पूलवर हेलिकॉप्टरच्या केबिनसारखा पिंजरा असतो, त्यात पट्टा बांधून बसवतात, पाण्यात सोडतात, मग उलटा करतात. पाणी नाकात जातं, वर-खाली काही कळत नाही, अशा वेळी एक हात खिडकीवर ठेवलेला असतो तोच तुमचा नकाशा, हलायचं थांबलं की खिडकी ढकलायची, पट्टा सोडायचा, बाहेर. पट्टा आधी सोडला तर आतल्या आत तरंगत बसाल. पाण्यात डायव्हर असतात, लाइफ जॅकेट असतं, पोहता न येणारे पण पास होतात, मी स्वतः त्यातला. तरी जायच्या आधी महिनाभर गावच्या विहिरीत नाहीतर तलावात डोकं पाण्याखाली घालायची सवय करा, भीती तिथेच निम्मी जाते.

हे नाटक वाटतं, पण २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ हेलिकॉप्टर समुद्रात उतरलं तेव्हा आत नऊ जण होते, त्यातले चार गेले आणि पाच वाचले.

८. सीडीसी लागते का?

सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखीचं पुस्तक. जॅकअप रिगवर ड्रिलिंग क्रू किंवा केटरिंगमध्ये सहसा नाही. बार्ज, टग, सप्लाय बोट यांच्या मरीन क्रूमध्ये असाल तर लागते, कारण ते जहाजच धरलं जातं. "पाच हजारात अमुक बेटाची सीडीसी काढून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका, खोट्या सीडीसीवर पोरं पकडली गेलीत.

९. मेडिकलमध्ये काय बघतात? मला चष्मा आहे.

चष्मा चालतो. रंगांधळेपण असेल तर इलेक्ट्रिशियन आणि क्रेनच्या कामात अडतं. एक्स-रे, ईसीजी, शुगर, बीपी, कान, हर्निया, लघवीत ड्रग्ज, हे सगळं बघतात. बीपीची गोळी चालू असेल तर लपवू नका, गोळीने कंट्रोलमध्ये असेल तर बऱ्याचदा पास करतात, लपवलेलं मात्र बोर्डवर बाहेर आलं की मेडिक तुम्हाला पुढच्या हेलीने (हेलिकॉप्टरने) खाली, म्हणजे किनाऱ्यावर, पाठवतो आणि ते रेकॉर्डला राहतं. किनाऱ्यावरच्या म्हणजे गुजरात, आसामच्या रिगला गेलात तर माइन्सचे म्हणजे खाणींचे नियम लागतात, तिथे व्होकेशनल ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पण मागतील.

याशिवाय पोलीस क्लिअरन्स. हे वेळ खातं, म्हणून आधार, पासपोर्ट, भाड्याचं घर यांच्यावरचे पत्ते आधीच जुळवून ठेवा.

१०. एजंट ४० हजार मागतोय, २० आता आणि २० जॉइनिंगनंतर. देऊ का?

नको.

मी दिले होते. पहिल्या वेळी ४५ हजार, आईची पाटली गहाण टाकून, मुंबईतल्या एका ऑफिसात, एसी होता, भिंतीवर रिगचे फोटो होते. तीन महिने "पुढच्या सोमवारी हेली आहे" ऐकलं, मग ऑफिसच नव्हतं. नंतर जी खरी नोकरी लागली ती आमच्या वाडीतल्या एका रिगरने फोरमनला नंबर दिला म्हणून, त्याचा खर्च पनवेलपर्यंतचं एसटीचं तिकीट.

ओळखायचं कसं ते सांगतो. ओएनजीसीच्या नावाने जीमेलवरून आलेलं ऑफर लेटर खोटं. इंटरव्ह्यू न घेता आलेलं ऑफर लेटर खोटं. "नॉर्वेत राउस्टअबाउट, पगार डॉलरमध्ये, फक्त व्हिसा फी भरा" हे तर इतकं खोटं की त्याच्यासाठी वेगळा शब्द पाहिजे. पैसे कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर मागितले की तिथेच संपलं. जहाजावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला डीजी शिपिंग या सरकारी खात्याचं आरपीएसएल लायसन्स लागतं आणि ती नोकरी लावून द्यायचे पैसे खलाशाकडून घेऊच शकत नाही, हा कायदा आहे. परदेशाचं वेगळं, पुढचा प्रश्न बघा.

खऱ्या कंत्राटदाराकडे पोचायचा रस्ता कंटाळवाणा आहे. ड्रिलिंग कंपन्या, केटरिंगवाले, बार्जवर काम घेणारे इंजिनिअरिंगवाले, यांच्या वेबसाइटवर करिअरचं पान असतं, तिथे सीव्ही टाकायचा. मुंबई, पनवेल, उरण भागात त्यांच्या ओळखीची माणसं असतात. आणि सगळ्यात चालतो तो फोरमनचा फोन, कारण त्याला परवा चार हेल्पर पाहिजे असतात आणि एचआरला ते माहीतच नसतं.

११. गल्फला डायरेक्ट जाता येईल का?

फ्रेशर म्हणून अवघड, आपल्याकडची दोन-तीन वर्षं असली की सोपं. जायचंच असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर एजंटचं लायसन्स तपासा. लायसन्सवाला एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊन. दीड लाख मागणारा लायसन्स दाखवत असेल तरी तो बेकायदा मागतोय.

दहावी पास नसाल तर पासपोर्टवर ईसीआर (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड) येतं आणि सौदी, यूएई, कतार, कुवेत, ओमान धरून १८ देशांत नोकरीला जायला क्लिअरन्स लागतो. म्हणून म्हटलं दहावीचं सर्टिफिकेट जपा. प्रवासी भारतीय विमा पण काढतात, दोन वर्षांचा २७५ रुपयांत १० लाखांचा, तो चुकवायचा नाही. आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊन "तिथे कन्व्हर्ट करू" म्हणणाऱ्याबरोबर जायचं नाही, मग समोर मावशीचा नवरा का असेना.

१२. अप्लाय कधी करायचं? वर्षभर टाकतोय, कोणी उत्तर देत नाही.

तुम्ही बहुतेक एप्रिल-मे मध्ये टाकताय, परीक्षा झाल्यावर. तेव्हा सीझन संपत आलेला असतो.

बार्जवरचं बांधकाम आणि दुरुस्ती पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि मेपर्यंत चालते. जूनला समुद्र खवळला की बार्ज परत येतात, मुलं घरी, भाताची लावणी. म्हणजे कंत्राटदार माणसं गोळा करतो ते गणपती झाल्यावर. ऑगस्टपासून सीव्ही, फोन, भेटी सुरू करा, मेडिकल आणि पोलीस क्लिअरन्स तयार ठेवा. दुसरी वेळ डिसेंबर-जानेवारीत येते, जेव्हा पहिल्या ट्रिपला वैतागलेली पोरं सोडून जातात आणि फोरमनला लगेच बदली माणूस लागतो.

रिगचं ड्रिलिंग आणि प्लॅटफॉर्मवरचं उत्पादन मात्र बारा महिने चालतं, त्यामुळे केटरिंग आणि राउस्टअबाउटला हा हिशेब तितका लागू नाही.

१३. पगार किती?

आकडा सांगत नाही, कारण कंपनी, पोस्ट आणि वर्ष बदललं की तो बदलतो आणि मग लोक मला शिव्या घालतात. त्यापेक्षा हे विचारा: पैसे महिन्याचे की फक्त बोर्डवरच्या दिवसाचे? उदाहरण म्हणून समजा, दिवसाचे १,००० ठरले, २८ दिवस वर (बोर्डवर) आणि २८ दिवस खाली (घरी). तर ५६ दिवसांत २८,०००, म्हणजे महिन्याला पडले १५,०००. शेजारचा कंपनीत २०,००० महिना घेऊन रोज घरी झोपतो. तर "दिवसाला हजार" ऐकून उडी मारायची नाही. वर असताना जेवण, राहणं फुकट, खर्च शून्य, ही जमेची बाजू.

अजून विचारा: पीएफ कापतात का आणि यूएएन नंबर देतात का, न्हाव्याला येऊन बोट किंवा जुहूला येऊन हेली रद्द झाली तर त्या दिवसाचे पैसे कोण देतं, रिलीव्हर (बदली माणूस) आला नाही म्हणून जास्त दिवस राहावं लागलं तर काय दर. हे तिन्ही लेखी घ्या.

१४. ड्युटी कशी असते?

१२ तास, बारा ते बारा किंवा सहा ते सहा. ओएनजीसीच्या स्वतःच्या लोकांचं १४ दिवस वर, १४ खाली. कंत्राटवाल्यांचं बहुतेक २८-२८, आणि बार्जवरच्या हेल्परचं सीझनमध्ये कधी सलग दोन-तीन महिने. जाणं जुहूहून हेलिकॉप्टरने नाहीतर न्हाव्याहून बोटीने, बोटीत रात्रभर उलट्या. बोटीतून रिगवर चढायचं ते क्रेनला लटकवलेल्या बास्केटमधून, पहिल्यांदा डोळे मिटाल, पण दोन्ही हात आतल्या दोरीला घट्ट पाहिजेत.

कामाआधी रोज टूलबॉक्स टॉक, म्हणजे सेफ्टीचं थोडक्यात बोलणं, असतो, कुठल्याही गरम किंवा उंचावरच्या कामाला परमिट लागतं. काम धोकादायक वाटलं तर थांबवायचा अधिकार सगळ्यात खालच्या हेल्परला पण असतो, कागदावर तरी. प्रत्यक्षात पहिल्यांदा "थांबा" म्हणायला पोरं घाबरतात. मी पण घाबरलो होतो. ज्याच्यावर ओरडलो तो ड्रिलर नंतर गॅलीत मला स्वतःहून चहा घेऊन आला.

१५. घरचे म्हणतात फार धोका आहे. खरंय का?

खरंय. खोटं कशाला सांगू. २७ जुलै २००५, म्हणजे मुंबईच्या त्या २६ जुलैच्या पावसाच्या दुसऱ्याच दिवशी, एका जहाजावरच्या कुकची बोटं कापली म्हणून त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं होतं. खराब समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मला आपटलं, गॅसची लाइन फुटली, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म जळून गेला. २२ जण गेले, साडेतीनशेच्या वर वाचले. मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ बार्ज बुडाली, वर २६१ माणसं होती, सत्तरच्या वर गेली. त्यात हेल्पर, वेल्डर, पेंटर, म्हणजे हे वाचताय ती तुमच्यासारखीच पोरं होती, नौदलाची जहाजं गेली म्हणून बाकीचे हाती लागले.

मोठे अपघात पेपरात येतात. रोजचे धोके लहान असतात: हाताचं बोट चेंगरणं, जिन्यावरून घसरणं, वरून पडलेला पाना. पहिल्या दिवशी मस्टर स्टेशन (धोक्याच्या वेळी जमायची जागा) आणि लाइफबोट स्वतः चालत जाऊन बघायची, अंधारात पण सापडली पाहिजे. लाइफ जॅकेटच्या पट्ट्या धड आहेत का ते हात लावून बघायचं. आणि वादळाचा इशारा आला की फोरमन काय बोलतो त्यापेक्षा आजूबाजूच्या बार्ज किनाऱ्याकडे निघाल्यात का ते बघायचं, हा माझा स्वतःचा नियम होता.

१६. मोबाइल, दारू, तंबाखू?

दारू शून्य, सापडलात तर पुढच्या हेलीने खाली आणि परत नाव नाही. सिगारेट फक्त स्मोकिंग रूममध्ये, लायटर-काडेपेटी हेलीत नाही. मोबाइल राहण्याच्या जागेत, कामाच्या जागी बंदी. गुटखा खाऊन डेकवर थुंकणाऱ्याला सेफ्टी ऑफिसरने हातात ब्रश दिलेला मी बघितलाय. मासे गळाला लावायचं पण विचारतात काही जण (कोळीवाड्यातले, अजून कोण), आमच्या रिगवर बंदी होती.

१७. मुलींना काम मिळतं का?

इंजिनिअर, जिऑलॉजिस्ट म्हणून मुली ऑफशोर जातात. हेल्पर, राउस्टअबाउट, केटरिंग या कंत्राटी कामात मी जवळजवळ बघितल्या नाहीत, कारण चार-चार, सहा-सहा जणांच्या खोल्या आणि कंत्राटदाराला वेगळी सोय करायची नसते. बरोबर आहे असं म्हणत नाही. ज्या मुलीला यायचंय तिने डिप्लोमा किंवा डिग्रीच्या वाटेने यावं, प्रश्न ५ बघा.

१८. वय ३६ आहे, उशीर झाला का?

ट्रेड असेल तर नाही. वेल्डर, क्रेन ऑपरेटर, कुक या वयात पण घेतात. नुसता हेल्पर म्हणून कठीण, अप्रेंटिसशिप तर संपलीच.

१९. सीव्हीत काय लिहू?

एक पान. वर ट्रेड, मोबाइल नंबर, पासपोर्टची मुदत, कोर्स असतील तर नाव आणि मुदत. मग काम: कुठे, किती महिने, काय हाताने केलं. "टीम प्लेअर" वगैरे काढून टाका. "६जी पोझिशनमध्ये पाइप वेल्डिंग" किंवा "२०० माणसांचा मेस" असं लिहिलं की फोरमन वाचतो. खोटा ऑफशोर अनुभव लिहू नका, इंटरव्ह्यूत पहिलाच प्रश्न येतो "कुठल्या रिगवर, टूलपुशर कोण होता", आणि ही दुनिया फार लहान आहे.

२०. बोर्डवर चढलो आणि कंत्राटदार कागद ठेवून घेतोय, किंवा पैसे देत नाही. काय करू?

वर बसून भांडू नका, लिहून ठेवा. साइन ऑनची तारीख, रोजची ड्युटी, टाइमशीटचा फोटो (खोलीत काढा, डेकवर नाही). ओरिजिनल पासपोर्ट किंवा सीडीसी कंत्राटदाराला कायमची द्यायची गरज नाही, पाससाठी घेतली तर पोच मागा. पगार अडला तर आधी मुख्य कंपनीच्या माणसाला सांगा, कारण कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती द्यायची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते आणि म्हणून ते लक्ष देतात. तरी नाही झालं तर लेबर कमिशनर. परदेशात असाल तर वकिलात आणि परराष्ट्र मंत्रालयाचं तक्रारीचं मदद पोर्टल.

२१. पहिल्या ट्रिपनंतर सोडलं तर अनुभव धरतात का?

एक ट्रिप पूर्ण केली आणि साइन ऑफ नीट घेतलं तर थोडाफार धरतात. मधेच उतरलात तर नाही, उलट फोरमन लोकांत नाव फिरतं. आजारपण किंवा घरात मयत झाली तर गोष्ट वेगळी, ते सगळे समजून घेतात, मेडिकचा किंवा ऑफिसचा कागद तेवढा घ्या. आणि खाली उतरायच्या दिवशीच अनुभवाचं पत्र मागा, कंपनीच्या लेटरहेडवर, रिगचं किंवा बार्जचं नाव, पोस्ट आणि दोन्ही तारखा लिहिलेलं. "नंतर मेल करतो" म्हणतात. माझं पहिल्या ट्रिपचं पत्र अजून यायचंय.